नांदती

निकिताला जर्मनीत जाऊन अडीच वर्षं झाली होती आणि गोरक्षच्या व्हिसाचे कागद वकिलातीत पडून चौदा महिने. आता गावात कुणी "व्हिसा आला का?" असं विचारत नसे. "अजून हायेस व्हय?" असं विचारत. सोनईच्या बाजारात, डेअरीवर दूध घालताना, चक्कीवर, कुठंही. या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? माणूस समोर धडधडीत उभा असताना "हाय" म्हणायचं म्हणजे आपणच आपली हजेरी लावायची. गोरक्ष नुसता मान हलवायचा आणि कॅन उचलून चालू लागायचा.

लग्न झालं तेव्हा निकिता नगरला एका खासगी दवाखान्यात नर्स होती, केडगावात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. लग्नानंतर वस्तीवरून रोज एस.टी.नं जाऊन-येऊन करू लागली. जर्मनीत नर्सांची भरती निघाली तेव्हा फॉर्म गोरक्षनंच आणला होता. "तू फुडं हो, मी मागनं येतो," असं मोठ्या तोंडानं म्हणाला होता. मागनं जायलाही त्या भाषेची परीक्षा द्यावी लागते, हे नंतर कळलं. पुण्याला दोनदा बसला, दुसऱ्यांदा पास झाला. धार काढता काढता तो ती वाक्यं घोकायचा. माझं नाव गोरक्ष आहे. मी शेतकरी आहे. मी माझ्या बायकोकडे येत आहे. त्याची आई राहीबाई वैरण टाकता टाकता म्हणायची, "म्हशीला समजतंय का बघ. तिला समजलं तर तिकडच्यांनाबी समजंल."

परीक्षा झाली, अर्ज गेला, बोटांचे ठसे देऊन झाले. त्यानंतर काहीच नाही. मोबाईलवर अर्जाचा नंबर टाकला की एकच ओळ यायची, प्रक्रिया चालू आहे. तीही इतकी पाठ झाली होती की गोरक्ष स्क्रीनकडे न बघता ती वाचायचा.

मार्च सरता सरता उन्हाळी कांदा काढणीला आला. दोन एकर रान. गावातून आठ बाया मजुरीला यायच्या, सकाळी सातला वाकायच्या त्या दुपारपर्यंत कंबर सरळ करायच्या नाहीत. उपटलेला कांदा वाळला की विळ्यानं पात कापायची, ढीग लावायचे. हातांना चीक लागायचा, बोटांच्या पेरांत माती जाऊन भेगा काळ्या व्हायच्या. गोरक्ष पाट्या भरून कांदा साठवायच्या चाळीत नेऊन ओतायचा. बायांच्या तोंडाला मात्र विसावा नव्हता.

"गोरखभाऊ, जर्मनीत कांदा खात्यात का हो?"

"खात्यात की."

"मंग कापताना वहिनीच्या डोळ्याला पानी येत आसंल. पुसायला कोन हाय तिथं?"

बाया खदखदून हसल्या. गोरक्षही हसला. पाटी डोक्यावर होती म्हणून त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही.

त्याच दुपारी लिंबाखाली भाकरी खाऊन बसला असताना निकिताचा फोन आला, तोंड दिसणारा. तिची दुसरी पाळी होती. तिनं केस खांद्यापर्यंत कापले होते. हे तिनं आधी सांगितलं होतं, तरी दर वेळी त्याला नव्यानं दिसायचं.

"काल मी सायकलवर गेले ड्युटीला," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

"तुला कुठं येती सायकल?"

"आली आता. दोन रविवारात आली. जोबिननं शिकवली."

"जोबिन कोन?"

"आवो, सांगितलं न्हवतं का? केरळचा. आमच्याच वॉर्डात हाय."

गोरक्षनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यानं तिला कॅनॉलच्या रस्त्यावर स्कूटी शिकवायला नेलं होतं. ती पडली, गुडघ्याची साल निघाली. त्यानं कॅनॉलच्या पाण्यानं गुडघा धुतला. "मला न्हाई जमायचं, मी आपली तुमच्या मागं बसत जाईन," असं ती म्हणाली होती. त्याला ते बोलणं तेव्हा इतकं गोड लागलं होतं की त्यानं पुन्हा शिकवायचं नावही काढलं नव्हतं.

"सायकल शिकवताना मागनं धरावं लागतं," तो म्हणाला.

"मंग? पडू द्यायचं व्हय मला?" निकिता हसली.

ती हसली हेच त्याला डाचलं.

त्या दिवसापासून जोबिन वस्तीवर राहायला आला म्हणायला हरकत नाही. गोरक्ष धारेला बसला की तो समोर असायचा. पाटी उचलली की मागून सीट धरून पळायचा. निकितानं पाठवलेले सगळे फोटो गोरक्षनं परत काढले. दवाखान्यातल्या लोकांची कुठल्याशा तळ्याकाठी सहल झाली होती, त्या फोटोत दुसऱ्या रांगेत एक बारीक दाढीचा, सावळा माणूस होता. दोन बोटांनी फोटो ताणून ताणून गोरक्षनं त्याचं तोंड एवढं मोठं केलं की शेवटी नुसते रंगाचे चौकोन उरले. त्याच्या आणि निकिताच्या मध्ये एक जाडजूड गोरी बाई उभी होती. तिचे त्यानं मनोमन आभार मानले.

निकिता मोबाईलवर शेवटची कधी होती, ते तो बघू लागला. सकाळची ड्युटी दोनला सुटते तर साडेतीनपर्यंत कुठं होती? बस चुकली म्हणते. सायकल असताना बस कशाला लागते? पाऊस होता म्हणते. मग त्यानं मोबाईलवर तिथलं हवामान बघितलं. पाऊस होता. पाऊस खरा निघाला म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण उलट राग आला. पावसात एकटीच उभी होती कशावरून?

गुढीपाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाल्यावर तिनं फोन केला. त्यानं "सणाचं काय केलंस?" असं विचारायच्या आधी "जोबिन आलाय का?" असं विचारलं.

निकिता म्हणाली, "दिवसभर म्हाताऱ्या मानसांना उचलून माझं खांदं गेलेत. फोन लावला की तुमी हजेरी घेता."

"मंग नको लावू."

"असं काय बोलता? कागद मी अडवलेत का?"

"कुनी सांगावं? मी यावं असं तुला वाटतंय तरी का?"

फोन कट झाला. रेंज गेली असेल म्हणून तो गुढीखाली जाऊन उभा राहिला. रेंज होती.

त्यानंतर आठ दिवस त्यानं फोन केला नाही. तिचे मेसेज आले, ते वाचले, उत्तर दिलं नाही. आपण वाचलंय हे तिला दिसतं, आणि दिसूनही उत्तर येत नाही म्हणून ती तिकडं तळमळत असेल, या विचारानं त्याला पहिले दोन दिवस गार वाटलं. तिसऱ्या दिवसापासून ती तळमळत नसेल असं वाटू लागलं.

नवव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. घोडेगावच्या बाजूनं काळंशार चढत होतं आणि रानात कांद्याचे निम्मे ढीग उघडे होते. आभाळ बघून बाया गावाकडं पळाल्या. गोरक्ष आणि राहीबाई ताडपत्री ओढत होते तेवढ्यात बांधावर पांढरी गाडी येऊन थांबली. चष्मा लावलेला, पन्नाशीचा माणूस फाईल घेऊन उतरला. पुण्याचा वकील होता. वकिलातीनं कागदपत्रांची खात्री करायला नेमलेला.

"लग्न खरोखर झालंय का, संसार आहे का, एवढंच बघायचं असतं," तो म्हणाला. "अर्धा तास लागेल."

"सायेब, पाऊस..."

"मला पुढं श्रीरामपूरला जायचंय. आज नाही झालं तर पुन्हा कधी येणं होईल, सांगता येत नाही."

चौदा महिने ज्याची वाट बघितली तो माणूस दारात उभा होता आणि वर ढग वाजत होते. गोरक्षनं आईला ताडपत्रीचं टोक दिलं आणि हात पुसत ओट्यावर आला. धोतराच्या फडक्यानं खुर्ची पुसून दिली. वकिलानं लग्नाची तारीख विचारली, जेवायला काय होतं, किती माणूस होतं, बायकोच्या आईचं नाव, बायको इथं असताना दोघं कुठल्या खोलीत झोपायचे. खोली बघितली. पलंग बघितला. निकिताच्या साड्या ठेवलेलं कपाट उघडून बघितलं. परका माणूस तिच्या साड्यांवरून नजर फिरवत होता आणि गोरक्षला घाम पुसावा की कपाट लावावं, कळत नव्हतं. बाहेर राहीबाई एकटीच ताडपत्रीशी झुंजत होती, वाऱ्यानं ताडपत्री तिच्यासकट फडफडत होती.

"बायकोशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"पाडव्याला."

वकिलानं वर बघितलं. "म्हणजे नऊ दिवस? रोज बोलणं होत नाही?"

"न्हाई."

"का बरं?"

गोरक्षच्या तोंडात माती होती, हातांना कांद्याचा वास होता. हा माणूस इस्त्रीचे कपडे घालून त्याच्या बायकोबद्दल त्यालाच विचारत होता. त्या क्षणी त्याला व्हिसा नको होता. कुणीतरी आपलं ऐकावं, एवढंच हवं होतं.

"तिला माझी गरज उरली न्हाई," तो म्हणाला. "तिकडं हायती तिला मानसं."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? फिरवायला, शिकवायला. नांदती बायको अशी आसती का?"

वकिलानं पेन थांबवलं. "हे मी लिहून घेऊ का? नीट विचार करून सांगा."

"लिवा," गोरक्ष म्हणाला. "चौदा म्हैनं मी विचारच करतोय. लिवा."

दारात राहीबाई उभी होती. ताडपत्री सोडून कधी आली होती कुणास ठाऊक. "आरं ए!" ती ओरडली. "सायेब, त्येचं नका ऐकू, उन्हानं डोकं फिरलंय त्येचं!" पण वकिलानं लिहिलं होतं. फाईल बंद करून तो म्हणाला, "आता शेजारी विचारतो एकदा."

शेजारी म्हणजे आक्काबाई, गोरक्षची चुलती. तिचा मुलगा ज्ञानेश्वर आणि गोरक्ष यांच्यात बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. गाडी तिच्या अंगणात वळलेली बघून राहीबाई परत ताडपत्रीकडं वळली. "झालं. आता ती आपली पार वाट लावती."

पाऊस आला तेव्हा गाडी वळून अर्धा तासही झाला नव्हता. गारा नव्हत्या, पण चार ढीग भिजले. पाऊस थांबल्यावर आक्काबाई चिखल तुडवत, डोक्यावर पोतं घेऊन आली. तीन वर्षांत तिनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

"गोरख्या," ती ओट्याखालूनच म्हणाली, "मी सांगितलं त्येला सगळं. म्हनलं, लगनात मी ववाळलंय त्यांस्नी. म्हनलं, पोरगी जाताना माझ्या पाया पडाया आलती, भांडान आसून. नांदती न्हाई तर काय? रानात आमचं भांडान हाय, पोरीशी न्हाई. बरं सांगितलं न्हवं?"

गोरक्षनं तिच्या डोक्यावरचं ओलं पोतं घेऊन ओट्यावर वाळत टाकलं.

"तू काय सांगितलंस?"

उत्तर राहीबाईनं दिलं. "त्यानं सौताच्या तोंडानं माती केली."

एप्रिल गेला, मे गेला. गोरक्षनं निकिताला पुन्हा फोन करायला सुरुवात केली, पण वकील काय विचारून गेला ते सांगितलं, आपण काय बोललो ते सांगितलं नाही. दर वेळी सांगायचं म्हणून फोन लावायचा आणि भिजलेल्या कांद्याबद्दल, म्हशीच्या रेडकाबद्दल बोलून ठेवायचा. जोबिनचं नाव त्यानं काढलं नाही. निकिताला वाटलं, वादळ गेलं. ती पुन्हा हसून बोलू लागली, आणि ती हसली की तो लवकर फोन ठेवायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो चाळीतला खराब कांदा निवडत बसला होता. सडका कांदा बोटाला मऊ लागतो, हात घातला की कळतं. फोन वाजला. नुसता आवाजाचा, तोंड न दिसणारा.

"काल मला इथल्या व्हिसाच्या ऑफिसात बोलावलं होतं," निकिता म्हणाली. "टेबलापलीकडं एक बाई होती. तिनं मला एक कागद वाचून दाखवला."

गोरक्षनं हातातला सडका कांदा चांगल्या ढिगावर टाकला.

"ऑफिसातली भाषा मला अजूनबी दोनदा विचारावी लागती. पण हे वाक्य एका दमात कळलं. पत्नीला आपली गरज उरलेली नाही, तिकडे तिला माणसं आहेत, असं अर्जदारानं सांगितलं. तुमी बोललात का असं?"

"व्हय," तो म्हणाला.

"मंग ऐका मी काय सांगितलं. मी म्हणले, बोलला असंल. माझ्याबरोबर कामाला एक माणूस हाय, त्याचा त्याला राग येतो. बाईनं विचारलं, कशामुळं? म्हणलं, त्यानं मला सायकल शिकवली. बाईला हसू आलं. मी म्हणले, आमचं लगीन कागदापुरतं असतं, तर सायकलीवरनं कोन कशाला जळलं असतं? तिनं ते लिहून घेतलं."

"निकिता, मी..."

"थांबा. तिथं मी हसत बोलले. भाईर येऊन बस-स्टॉपवर बसले. तीन बसा गेल्या. मला उठताच येईना." तिचा श्वास ऐकू आला. "मला म्हणला असतात तर मी भांडले असते. तुमी परक्या माणसाला सांगितलं. वर 'लिवा' म्हणलात. तेबी कागदात हाय."

"चुकलं माझं."

"व्हिसा येईल, बाईच्या तोंडावरनं वाटलं. ऑफिसाचं काम झालं. माझं न्हाई झालं." आणि तिनं फोन ठेवला.

व्हिसा ऑगस्टमध्ये आला. पासपोर्टाच्या पानावर चिकटवलेला, त्याचा फोटो असलेला. कुरिअरवाल्यानं सोनईत बोलावलं म्हणून तो मोटारसायकलवर गेला, चौकातच पाकीट फाडलं. चारपाच ओळखीचे जमले, पाठीवर थाप बसली, पेढ्यांची मागणी झाली. नव्वद दिवसांच्या आत जायचं असं त्यावर होतं. त्यानं पानाचा फोटो काढून निकिताला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "बघितला. मी सांगेपर्यंत तिकीट काढू नका."

आता वकिलात मोकळी झाली होती आणि वाट निकिताची बघायची होती. लोक विचारायचे, "कधी जातोस?" तो म्हणायचा, "कांदा गेल्यावर." कांद्याची गाडी गेली. मग म्हणाला, "म्हशीचं बघून." म्हशी ज्ञानेश्वरनं घेतल्या, जमीनही वाट्यानं करायला तो तयार झाला. आक्काबाईनं मध्ये पडून दोघांना एका ताटात जेवायला बसवलं होतं. मग लोकांना सांगायला कारण उरलं नाही.

तिचा मेसेज यायचा, आईची तब्येत विचारणारा. फोन नाही. गोरक्षनं आवाज भरून पाठवायचा म्हणून किती वेळा बोलायला सुरुवात केली आणि पुसून टाकलं. त्यात जोबिनचं नाव घ्यावं लागायचं, आणि ते नाव घेतलं की आवाजच बदलायचा. तो तिकडं जेवतो कुठं, राहतो कुठं, लग्न झालंय का, हे त्याला अजूनही जाणून घ्यायचं होतं. शेवटी एवढंच पाठवलं, "मी जळून बोललो. तू काही केलं म्हणून न्हाई. मी तिथं न्हाई म्हणून."

व्हिसा आल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी, दुपार कलल्यावर, तिचा फोन आला. या वेळी तोंड दिसणारा. ती बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"जळतं का अजून?" तिनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"जळतं," तो म्हणाला.

"कुनावर?"

"सगळ्यावर. तू ज्या बसमधी बसती तिच्यावरबी. त्या म्हाताऱ्यांवर, ज्यांना तू उचलती. मला लाज वाटती सांगायला. पन जळतं."

निकितानं तोंड बाजूला फिरवलं. परत वळली तेव्हा नाक लाल झालं होतं. "न्हाई म्हणला असतात तर मी फोन ठेवनार हुते," ती म्हणाली. "ऐका. पुढच्या वेळी जळलं की मला सांगायचं. रातदिस, कवाबी. तिसऱ्याला न्हाई."

"व्हय."

"अन् इथं आलात की पहिले सहा महिने तुमाला काम मिळंल न मिळंल. घरी बसावं लागंल. मी कामावरनं येईन तवा सैपाक झालेला पायजे. जमंल?"

"जमवतो."

"मंग काढा तिकीट."

फोन ठेवून तो बराच वेळ मोकळ्या गोठ्यात उभा राहिला. मग घरात आला. राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. दिवस मावळायला आला होता. फोनचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं, तरी विचारलं, "काय म्हनली?"

"तिकीट काढा म्हनली."

राहीबाईनं परातीतलं पीठ जोरानं मळलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तिकडं सैपाक तू करनार?"

"तिची ड्युटी आसती, आई."

"आसू दे की. मी कुठं काय म्हनते." ती धूर फुंकत राहिली. फुंकणी खाली ठेवून, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "चाळीस वरसं ह्या चुलीपुढं बसलेय. तुझा बाप गेल्यावर रानातनं येऊन बसलेय, तापात बसलेय. कदी म्हनला न्हाईस, आई तू सरक, आज मी करतो."

गोरक्षला तो स्वर ओळखीचा वाटला. सहा महिने तो रोज ऐकत होता, आपल्याच तोंडून.

त्यानं हात धुतले, आईच्या शेजारी मांडी घातली आणि परात ओढून घेतली. राहीबाई सरकली नाही. पण तिनं परात धरूनही ठेवली नाही. त्यानं गोळा केला, पीठ पसरलं, थापायला लागला. एका बाजूला भाकरी जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. उचलायला गेला तर मधोमध तडकली.

राहीबाईनं त्याच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले, तव्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि बोटानं जोडून वरून पाणी लावलं.

"पीठ गरम पान्यात मळायचं," ती म्हणाली. "परत घे."